ध्रुवपद आणि कडवी : प्राण्यांच्या डीएनएची मांडणी

वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत 'पार्थिव चुंबकत्व विभाग' नावाचा एक विभाग होता. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद करण्यासाठी तो विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झाला. १९६०च्या दशकात त्याच विभागात एका टेबलावर वेगळेच काम चालले होते. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला डीएनए खारट पाण्यात उकळायचा, उकळल्यावर त्याचे दोन पदर सुटे होतात, मग पाणी थोडे निवू द्यायचे आणि सुटलेले पदर पुन्हा एकमेकांना जुळायला किती वेळ घेतात हे मोजत बसायचे. मोजणारे रॉय ब्रिटन भौतिकशास्त्र शिकलेले; दुसऱ्या महायुद्धात त्यांनी मॅनहटन प्रकल्पात काम केले होते. डेव्हिड कोन हे त्यांचे सहकारी. या दोघांचा निबंध १९६८ साली 'सायन्स' साप्ताहिकात छापून आला. प्राण्यांच्या डीएनएत काही मजकूर एकदाच येतो आणि काही मजकूर हजारो, लाखो वेळा येतो, हे त्यातून जीवशास्त्राला कळले. डीएनएची अक्षरे सरसकट वाचण्याची सोय व्हायला तेव्हा अजून जवळजवळ दहा वर्षे होती.

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन मजकुरांची एकमेकांशेजारची मांडणी हा आहे. कोणता मजकूर किती वेळा येतो, हा प्रश्न ब्रिटन आणि कोन यांनी सोडवला. तो कुठे येतो आणि कुणाच्या शेजारी येतो, हा त्यापुढचा प्रश्न जास्त खोल निघाला. शेजार बदलला की तोच मजकूर निरुपद्रवी राहतो, आजार घडवतो किंवा एखाद्या प्राण्याचे शेपूट घालवतो. हे समजायला विज्ञानाला पन्नास वर्षे लागली.

आधी जुळणीचा वेळ मोजण्याची करामत. आषाढीला पंढरपुरात चुकामूक झाली, तर आपलीच बहीण शोधणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. ज्याला कुठलाही एक टाळकरी चालेल, त्याला तो दहा पावलांत भेटतो. उकळून सुटलेल्या डीएनएचे असेच आहे. ज्या तुकड्याचा जोडीदार सगळ्या गर्दीत एकच आहे, तो फार उशिरा जुळतो. ज्याचे लाखभर जोडीदार आहेत, तो चुटकीसरशी जुळतो. जुळणीच्या वेगावरून प्रतींची संख्या काढता येते. सुटे पदर किती उरले याचा वेळेनुसार आलेख काढला, तेव्हा जिवाणूच्या डीएनएचा आलेख एकाच वळणाने खाली उतरला, कारण त्यात जवळजवळ सगळा मजकूर एकमेव. वासराच्या डीएनएचा आलेख मात्र दोन पायऱ्यांनी उतरला. त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग सावकाश जुळणारा, म्हणजे एकमेव होता. उरलेला पुनरावृत्त भाग त्याच्यापेक्षा सुमारे एक लाख पट वेगाने जुळला. उंदराच्या डीएनएचा दहावा हिस्सा तर त्याहूनही झपाट्याने जुळत होता. त्या एका लहानशा क्रमाच्या सुमारे दहा लाख प्रती असाव्यात, असे गणित निघाले.

उंदराचा हा दहावा हिस्सा पुढे फार उपयोगी पडला. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए वेगाने फिरवला की मुख्य पट्ट्याच्या बाजूला त्याचा एक वेगळा बारीक पट्टा दिसे. उपग्रहासारखा बाजूला राहतो म्हणून त्याला 'सॅटेलाइट डीएनए' हे नाव पडले. १९७० साली मेरी लू पारड्यू आणि जोसेफ गॉल यांनी किरणोत्सारी खूण लावलेला हा डीएनए काचपट्टीवरच्या गुणसूत्रांवर सोडला. तो जवळजवळ प्रत्येक गुणसूत्राच्या एका ठरावीक जागी जाऊन बसला. ती जागा सेंट्रोमिअरची होती. पेशी विभागताना गुणसूत्राला ओढून नेणारे दोर जिथे बांधले जातात, ती ही गाठ. उंदराचा हा क्रम २३४ अक्षरांचा. माणसाच्या सेंट्रोमिअरमधला १७१ अक्षरांचा. ही अक्षरमाला संपते तिथेच ती पुन्हा सुरू होते, मध्ये दुसरे काही येत नाही. नामजपासारखी ही मांडणी. एकच नाम, लाखो वेळा, सलग.

पण पुनरावृत्त डीएनएचा मोठा भाग जपासारखा सलग नव्हता. तो कुठे होता, हे शोधायला ब्रिटन कॅलिफोर्नियाला गेले. कॅलटेक या संस्थेतले एरिक डेव्हिडसन आणि त्यांचे सहकारी तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागले. या मंडळींची रीत इतकी साधी आणि इतकी नेमकी आहे की तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. डीएनएचे निरनिराळ्या लांबीचे तुकडे करायचे. पुनरावृत्त मजकूरच जुळेल आणि एकमेव मजकूर जुळणार नाही, इतकाच वेळ त्यांना द्यायचा. मग ते मिश्रण हायड्रॉक्सिअॅपेटाइट भरलेल्या नळीतून सोडायचे. आपली हाडे आणि दात याच जातीच्या खनिजाचे असतात. दुपदरी डीएनए त्याला चिकटतो, एकपदरी वाहून जातो. आता तुकडा आखूड असेल, तर त्यात पुनरावृत्त मजकूर नसण्याचीच शक्यता जास्त, तो निसटतो. तुकडा लांब असेल, तर त्यात कुठेतरी एखादी पुनरावृत्ती सापडते, ती जुळते आणि तिच्यामागे सगळा तुकडा नळीत अडकतो. किती लांबीला किती तुकडे अडकले, याचा आलेख काढला की दोन पुनरावृत्तींमधले अंतर हाती येते. पुनरावृत्तीची स्वतःची लांबी मोजायला एस-वन नावाचे विकर होते. जपानमध्ये साके बनवताना वापरतात त्या कोजी बुरशीतून ते मिळते आणि एकपदरी डीएनए तेवढा कुरतडून टाकते. मागे उरतो तो जुळलेला दुपदरी भाग.

१९७३ साली झेनोपस या आफ्रिकी बेडकाचे उत्तर आले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या जांभळ्या सी-अर्चिनचे. समुद्रतळाशी राहणारा हा काटेरी गोळा आणि बेडूक यांच्यात वरवर काहीच साम्य नाही. डीएनएची मांडणी मात्र दोघांची एकच निघाली. जनुकसंचाच्या मोठ्या भागात सुमारे ३०० अक्षरांची पुनरावृत्ती, मग साधारण हजाराच्या आसपास अक्षरांचा एकमेव मजकूर, मग पुन्हा एक पुनरावृत्ती. मराठी माणसाला हा घाट ओळखीचा वाटेल. पदात प्रत्येक कडवे नवे असते आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते; तसाच हा घाट. एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. या पदाला ध्रुवपद एकच नाही. शेकडो वेगवेगळी ध्रुवपदे एकाच लांबलचक पदात विखुरलेली आहेत आणि कोणत्या कडव्यानंतर कोणते येईल, याचा एकच ठरलेला नियम नाही. पुढे कालव, हॉर्सशू क्रॅब, जेलीफिश यांचे डीएनए तपासले गेले. सगळीकडे हाच घाट.

डेव्हिडसन आणि ब्रिटन यांना या मांडणीत मोठा अर्थ दिसत होता. १९६९ सालीच त्यांनी एक सिद्धान्त मांडला होता. यकृताच्या पेशीत एकाच वेळी अनेक जनुके चालू व्हावी लागतात आणि ती गुणसूत्रांवर लांबलांब विखुरलेली असतात. त्या सगळ्यांच्या शेजारी एकच पुनरावृत्त क्रम असेल, तर एकाच संदेशाने ती सगळी एकदम जागी होतील. कडव्याच्या तोंडाशी बसलेले ध्रुवपद म्हणजे त्या जनुकाचे बटण, असा हा विचार. आणि आता बेडकापासून कालवापर्यंत प्रत्येक ठिकाणी हजार अक्षरांच्या अंतरावर ती बटणे दिसू लागली होती.

मग फळमाशी आली.

१९७५ साली जेरी मॅनिंग, कार्ल श्मिड आणि डेव्हिडसन यांनी ड्रोसोफिलाचा डीएनए त्याच नळीतून सोडला. ३०० अक्षरांची ध्रुवपदे तिथे जवळजवळ नव्हतीच. पुनरावृत्ती सरासरी ५६०० अक्षरांची आणि दोन पुनरावृत्तींमधला एकमेव मजकूर १३ हजारांहूनही लांब. मधमाशीतही आखूड ध्रुवपदे सापडली नाहीत. घरमाशीत मात्र ती होती, बेडकासारखीच. घरमाशी आणि फळमाशी दोन्ही माश्याच. अंडी, अळी, कोश, पंख असा दोघींचा संसारही सारखाच. एकीचे शरीर घडवायला ती बटणे लागतात आणि दुसरीचे त्यांच्याशिवाय घडते, हे काही पटणारे नव्हते. त्या रूपातला तो सुंदर सिद्धान्त मागे पडला. डेव्हिडसन पुढची अनेक वर्षे त्याच सी-अर्चिनच्या गर्भात जनुके एकमेकांना कशी चालवतात, याचे जाळे उलगडत राहिले. सिद्धान्त मागे पडला तरी मोजमाप खरे होते आणि खरे मोजमाप वाया जात नाही. फळमाशीच वेगळी का, हा प्रश्न त्याने मागे ठेवला.

याचे उत्तर समजायला ध्रुवपदे येतात कुठून, हे पाहावे लागते. बार्बरा मक्लिंटॉक यांनी मक्याच्या रंगीत दाण्यांवरून १९४०च्या दशकातच दाखवले होते, की जनुकसंचात काही क्रम जागा बदलतात. त्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्यांमधली विखुरलेली पुनरावृत्ती बहुतेक अशा उड्या मारणाऱ्या क्रमांचीच असते. काही जागेवरून उठून दुसरीकडे बसतात, काही स्वतःची नक्कल काढून ती दुसरीकडे चिकटवतात. अशा एका उडत्या क्रमाचे आगमन तर विज्ञानाच्या डोळ्यांदेखत झाले. रानातून नव्याने पकडलेल्या फळमाशीच्या नरांचा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या जुन्या वाणाच्या मादीशी संकर केला, की पिल्ले वांझ निघत. कारण होते 'पी' नावाचा सुमारे २९०० अक्षरांचा क्रम. विसाव्या शतकाच्या आरंभी पकडून पाळलेल्या वाणांत तो नव्हता. नंतरच्या दशकांत दुसऱ्या जातीच्या फळमाशीतून तो या जातीत शिरला आणि काही दशकांत जगभरच्या रानमाश्यांत पसरला.

नवा क्रम शिरतो तेव्हा तो अखंड असतो, काही हजार अक्षरांचा. पुढे त्याचे काय होते, यावर मांडणी ठरते. दिमित्री पेत्रोव, डॅनियल हार्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले, की फळमाशी निरुपयोगी डीएनए फार भराभर गाळून टाकते. जुन्या, मोडक्या प्रती तिथे टिकत नाहीत. दिसतात त्या बहुतांशी ताज्या आणि अखंड. म्हणून तिची ध्रुवपदे लांब आणि विरळ. माणूस, बेडूक यांच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या मोडक्या प्रतीही पडून राहतात. म्हणून त्यांची ध्रुवपदे आखूड आणि दाट. मांडणी हा इतिहास आहे. कोण केव्हा आत आले आणि त्यांतले काय गाळले गेले, याची ती नोंद आहे. या एका कारणावर फळमाशीचे सगळे कोडे सुटते असे नाही, पण त्याचा मोठा भाग सुटतो.

जनुकसंचाच्या आकाराचे जुने कोडेही इथेच उलगडते. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरे आहेत. फळमाशीत सुमारे १८ कोटी. ऑस्ट्रेलियन लंगफिश या फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशात ४३०० कोटी. जनुकांची संख्या या प्रमाणात वाढत नाही. वाढतात ती मुख्यतः ध्रुवपदे.

माणसाकडे वळू या. फळमाशीवर काम केलेल्या श्मिड यांनीच प्रेस्कॉट डायनिंगर यांच्याबरोबर माणसाचा डीएनए तपासला. इथेही सुमारे ३०० अक्षरांच्या पुनरावृत्ती विखुरलेल्या होत्या. १९७९ साली श्मिड यांच्या प्रयोगशाळेने त्या ३०० अक्षरी तुकड्यांवर 'अलू-वन' नावाचे कापणारे विकर चालवले. हजारो वेगवेगळे क्रम असते, तर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर नुसता फराटा उमटला असता. उमटले ते दोन ठळक पट्टे. म्हणजे त्यांतले बहुसंख्य तुकडे एकाच कुळातले होते आणि विकराने ते सगळे एकाच जागी कापले होते. कुळाला 'अलू' हेच नाव पडले. २००१ साली मानवी जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात दहा लाखांहून अधिक अलू मोजले गेले. माणसाच्या सगळ्या डीएनएचा दहावा हिस्सा एकट्या अलूने व्यापलेला आहे. नळीतून द्रावण सोडून काढलेला ३०० हा आकडा, अक्षरे वाचल्यावर, जशाच्या तसा भेटला. विज्ञानाच्या इतिहासात इतका समाधान देणारा क्षण वारंवार येत नाही.

अलूची गंमत अशी, की त्याला स्वतःची नक्कल काढता येत नाही. 'एल-वन' नावाचा सहा हजार अक्षरांचा दुसरा क्रम नक्कल काढण्याचे यंत्र बाळगून असतो. अलू ते यंत्र वापरतो. एल-वनच्या पाच लाखांच्या आसपास प्रती माणसात आहेत, बहुतेक तुटक्या. शंभरेक अजून चालत्या आहेत. १९८८ साली हेग कझाझियन आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलियाचे २४० रुग्ण तपासले. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात दोघांमध्ये एल-वन येऊन बसला होता. आईवडिलांच्या डीएनएत त्या जागी तो नव्हता. उडी नुकतीच पडली होती.

तरीही ही वस्ती सगळीकडे सारखी नाही. अलू जनुकांची दाटी असलेल्या भागांत जास्त आढळतात, एल-वन विरळ भागांत. एक्स गुणसूत्रावर सव्वापाच लाख अक्षरांचा एक पट्टा असा आहे, की त्याचा ८९ टक्के भाग उडत्या क्रमांनी भरलेला आहे. आणि होक्स जनुकांचे चार समूह याच्या अगदी उलट. डोक्यापासून खालपर्यंत शरीराचे भाग कुठे काय व्हावेत, हे ठरवणारी ही जनुके लाखभर अक्षरांच्या टापूंत दाटीने बसली आहेत आणि त्यांच्यात ध्रुवपदांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी. तिथेही उड्या पडल्याच असणार. पण ज्या गर्भात त्या पडल्या, तो जगला नसावा. ती जागा मोकळी आहे, हाच तिथल्या मजकुराच्या नाजूकपणाचा पुरावा.

भारतात या विषयाचा धागा एका सापापाशी पोहोचतो. लालजी सिंह यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर काम केले आणि पुढे एडिंबराला केन जोन्स यांच्याबरोबर पट्टेरी मण्यारीच्या सॅटेलाइट डीएनएवर. सर्पमादीच्या डब्ल्यू गुणसूत्रावर साचलेला हा डीएनए 'बीकेएम' नावाने १९८०च्या निबंधातून पुढे आला. त्यात गाटा, गाटा, गाटा अशी चार अक्षरी आवर्तने होती. ती माणसातही निघाली. जपमाळेतल्या आवर्तनांची संख्या माणसागणिक बदलते आणि अनेक जागांच्या संख्या एकत्र पाहिल्या की माणूस ओळखता येतो. लेस्टरमध्ये अलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली वेगळ्या आवर्तनांवरून हे दाखवले होते; हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत सिंह यांनी मण्यारीच्या धाग्यावरून भारताची स्वतःची पद्धत उभी केली. राजीव गांधी हत्येच्या तपासातही ती वापरली गेली. पितृत्वाच्या दाव्यांत आज न्यायालये ज्या पुराव्यावर विसंबतात, तो पुनरावृत्तीच्या मोजणीचाच पुरावा आहे. महाराष्ट्राचाही यात हात आहे, प्राण्यांऐवजी पिकांमार्फत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास हीच जुळणीची पद्धत आपल्या नाचणीला लावली आणि तिच्या डीएनएची मांडणी शोधली.

सॅटेलाइट डीएनएच्या खुणा आपल्या जंगलातही भेटतात. सह्याद्रीच्या जंगलात कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर अनेकांनी ऐकले असेल. भारतीय भेकराच्या मादीत फक्त सहा गुणसूत्रे असतात, नरात सात. सस्तन प्राण्यांत ही संख्या विलक्षण कमी आहे. त्याच्या चिनी भाऊबंदाला ४६. शरीरे मिळतीजुळती आणि गुणसूत्रांत एवढे अंतर. लहान गुणसूत्रे एकमेकांना टोकाशी जोडली जाऊन भारतीय भेकराची अवाढव्य गुणसूत्रे बनली आणि सांध्यांवर आजही सेंट्रोमिअरचा सॅटेलाइट डीएनए सापडतो. सलग पुनरावृत्ती असलेल्या जागा एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून तिथे चुकीची जोडणी सहज होते. जुन्या गाठींच्या या खुणांवरून कुठे कुठे सांधा झाला, ते दाखवता येते.

माणसाच्या सेंट्रोमिअरची अक्षरे मात्र फार काळ कुणालाच वाचता आली नव्हती. एकसारख्या तुकड्यांचा ढीग समोर असताना कोणता कशाच्या पुढे, हे कसे ठरवायचे? पूर्ण झाल्याचे जाहीर झालेल्या मानवी जनुकसंचात सुमारे आठ टक्के जागा रिकामी होती. २०२२ साली कॅरन मीगा आणि अॅडम फिलिपी यांच्या पुढाकाराने, लांबच लांब तुकडे एका दमात वाचणारी यंत्रे वापरून, ती भरली गेली. जवळजवळ २० कोटी अक्षरे नव्याने हाती आली. सेंट्रोमिअरमध्ये थर निघाले. मधोमध सर्वांत नव्या प्रती, दोन्ही बाजूंना क्रमाने जुन्या होत गेलेल्या, आणि पेशीचे दोर बहुधा त्या नव्या भागावर बांधलेले.

शेवटी शेपटाची हकिगत. न्यूयॉर्कमध्ये पीएचडी करणाऱ्या बो शिया यांच्या माकडहाडाला दुखापत झाली आणि माणसाला शेपूट का नाही, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. मराठीत त्या हाडाचे नावच प्रश्न विचारते. त्यांच्या गटाचा निबंध २०२४ साली 'नेचर'मध्ये आला. शेपूट घडवण्यात भाग असलेल्या टीबीएक्सटी या जनुकात, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, वानरांच्या आणि माणसाच्या सामाईक पूर्वजात एक अलू येऊन बसला. तो जनुकाच्या अर्थपूर्ण भागात बसला नाही. दोन अर्थपूर्ण भागांच्या मधल्या, कापून टाकल्या जाणाऱ्या पट्टीत बसला. एकट्याने त्याने काहीच बिघडवले नसते. पण जनुकाच्या सहाव्या भागाच्या पलीकडे एक जुना अलू आधीच होता, उलट्या तोंडाचा. शेपूटवाल्या माकडांतही तो आहे. जनुकाचा संदेश लिहिला गेला, की हे दोन अलू एकमेकांना जुळतात, मधला सहावा भाग फुगवट्यासारखा बाहेर राहतो आणि अनेकदा संदेशातून गळतो. तो भाग गळालेला संदेश उंदरांत तयार होईल, अशी तजवीज केली तेव्हा काही उंदीर आखूड शेपटीचे आणि काही बिनशेपटीचे जन्मले. काहींच्या मज्जारज्जूच्या नळीत दोषही आढळले. ते दोन अलू, एक जुना आणि एक नवा, समोरासमोर तोंडे करून, माणसाच्या सहाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आजही बसलेले आहेत.